खारीच्या साठ शेंगा

नातीने डोकं खाल्लं म्हणून सांगतोय, मला हौस नाही.

जनावरांकडे मोबाइल होते, तेव्हाची गोष्ट. पोपटाने 'रोज एक गणित' नावाचा ग्रुप काढला. खारीने घरचंच गणित टाकलं, "साठ शेंगा, तीन पिल्लं, प्रत्येकाला रोज दोन. किती दिवस पुरतील?"

"वीस," पोपट म्हणाला. एकेचाळीस अंगठे आले. खार निवांत झोपली.

अकराव्या दिवशी पिल्लं भुकेने रडू लागली. खारीने लिहिलं, "पोपटराव, उत्तर दहा होतं हो!"

"खारूताई, तुमची पिल्लंच खादाड. उत्तर बहुमताने ठरलंय," म्हणत पोपटाने तिला ग्रुपातून काढलं. त्यावर चाळीस अंगठे आले. आधीचा एकेचाळिसावा तिचाच होता.

चूक दाखवली म्हणून मलाही आमच्या ग्रुपातून असंच काढलं. त्याची माफी अजून मागायचाय तो आमचा ग्रुपवाला सदाशिव धुमाळ.