आबांची घरगाडी तापली

लांब लांब रस्ता होता. रस्त्यावर एक घरगाडी होती.
गाडीला चाकं चार. आत अंथरुणं दोन. एक शेगडी, एक खिडकी, खिडकीला पडदा.
गाडी चालवायचे आबा उंदीर. शेजारी बसायची त्यांची नात, पिटुकली.
आबा फार म्हातारे होते. त्यांचा एक पाय अधू होता.

गाडी चालली होती तळ्याकडे. तळ्यावर होती शेंदरी बदक, आबांची लहानपणची मैत्रीण.
दर थंडीत शेंदरी यायची. थंडी सरली की उडून जायची, डोंगरांच्या पार पलीकडे.
आज दिवस मावळला की ती निघणार होती.
"यंदा भेटायलाच हवं," आबा म्हणाले. "पुढच्या थंडीत मी असेन की नाही, पिटुकले."
पिटुकलीला नीट कळलं नाही. पण ती आबांना आणखी चिकटून बसली.

धडधड धडधड, धडधड धडधड.
धड... धड... फुस्स.
गाडी थांबली. गाडीतून वाफ आली. पोटातलं सगळं पाणी उडून गेलं.
"गाडी तापली," आबा म्हणाले. "पाणी घातल्याशिवाय चालायची नाही."
आबा खाली उतरले. एक पाऊल टाकलं. पाय दुखला. आबा दगडावर बसले.
"तुम्ही बसा, आबा," पिटुकली म्हणाली. "मी पाणी आणते."

तुरुतुरु, तुरुतुरु. पिटुकली गेली विहिरीकडे.
"विहीरताई, विहीरताई, पाणी दे.
गाडी चालेना,
ऊन थांबेना."
विहीर म्हणाली, "माझं पाणी खोल खोल गेलंय गं. पोहरा उतरेल, तर पाणी देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. पिटुकली गेली पोहऱ्याकडे. पोहरा झाडाखाली आडवा पडला होता.
"पोहरेदादा, पोहरेदादा, विहिरीत उतर.
पाणी मिळेना,
गाडी चालेना,
ऊन थांबेना."
पोहरा म्हणाला, "माझा दोर तुटला. तेव्हापासून मी असाच पडून आहे. दोर मिळेल, तर उतरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. पिटुकली गेली माकडीणमावशीकडे. मावशी दोर वळायची. पण आज मांडीवर पिल्लू रडत होतं.
"मावशी, मावशी, दोर वळून दे.
पोहरा उतरेना,
पाणी मिळेना,
गाडी चालेना,
ऊन थांबेना."
मावशी म्हणाली, "बाळ भुकेलंय गं. मला दूध येत नाही. याला ठेवून दोर कसा वळू? शेळीआत्या दूध देईल, तर दोर वळेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. पिटुकली गेली शेळीआत्याकडे.
"शेळीआत्या, शेळीआत्या, दूध दे.
दोर होईना,
पोहरा उतरेना,
पाणी मिळेना,
गाडी चालेना,
ऊन थांबेना."
शेळीचं पोट खपाटीला गेलं होतं. ती म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नाही, बाळा. दूध कुठून येणार? बाभळीच्या शेंगा मिळतील, तर दूध देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. पिटुकली गेली बाभळीकडे. काटे टोचले. पाय दुखले. ती थांबली नाही.
"बाभूळआजी, बाभूळआजी, शेंगा टाक.
दूध येईना,
दोर होईना,
पोहरा उतरेना,
पाणी मिळेना,
गाडी चालेना,
ऊन थांबेना."
बाभूळ म्हणाली, "शेंगा आहेत, पोरी. पण माझी मला फांदी हलवता येत नाही. वारा हलवेल, तर शेंगा टाकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. पिटुकली टेकडीवर गेली. टेकडीच्या आड, वाळक्या गवतात, वारा निजला होता.
"वारामामा, वारामामा, फांदी हलव.
शेंग पडेना,
दूध येईना,
दोर होईना,
पोहरा उतरेना,
पाणी मिळेना,
गाडी चालेना,
ऊन थांबेना."

वारा उठला नाही.
"सगळे मला काम सांगतात," तो म्हणाला. "कपडे वाळव. पाचोळा उडव. फांदी हलव. 'जरा टेक माझ्याजवळ' असं कुणी म्हणत नाही."

पिटुकलीनं आभाळाकडे पाहिलं. ऊन खाली खाली चाललं होतं. तिला घाई होती. फार घाई होती.
तिनं वाऱ्याकडे पाहिलं.
"मामा, मी टेकते तुझ्याजवळ," ती म्हणाली.
आणि ती गवतात बसली. वाऱ्याला टेकून बसली. कामाचं नाव काढलं नाही.
ऊन आणखी थोडं उतरलं. पिटुकलीच्या डोळ्यांतून टिप टिप पाणी आलं.
"का गं रडतेस?" वाऱ्यानं विचारलं.
"शेंदरी उडून जाईल," पिटुकली म्हणाली. "आबांची भेट राहून जाईल."
वाऱ्यानं तिचे डोळे पुसले. मग तो उठला.

वारा सुटला, सूं सूं सूं.
फांदी हलली, सळ सळ सळ.
शेंगा पडल्या, टप टप टप.
शेळीनं शेंगा खाल्ल्या, करम कुरुम. शेळीला दूध आलं.
बाळ दूध प्यालं, चुटूक चुटूक. बाळ निजलं.
मावशीनं दोर वळला, भराभर भराभर. दोर पोहऱ्याला बांधला.
पोहरा विहिरीत उतरला, बुडुक.
विहिरीनं पाणी दिलं, गार गार पाणी.
मावशीनं पोहरा वर ओढला आणि गाडीपाशी नेला. आबांनी झाकण उघडलं. पाणी आत गेलं, गट गट गट.
गाडी म्हणाली, धड... धड...
धडधड धडधड, धडधड धडधड.

गाडी तळ्यावर पोचली. आभाळ लाल झालं होतं.
तळ्यात एकही बदक नव्हतं.
वर, उंच उंच, बदकांची रांग चालली होती.
 आबांच्या मिशा खाली झुकल्या.
"आबा, आपल्याला उशीर झाला," पिटुकली हळूच म्हणाली.

तेवढ्यात गवत हललं. गवतातून शेंदरी आली. एकटीच.
"सगळे पुढे गेले," ती म्हणाली. "म्हटलं, आपण थोडं थांबावं."
आबा लंगडत लंगडत तिच्याजवळ गेले.
"म्हातारा झालास रे," शेंदरी म्हणाली.
"तूही झालीस," आबा म्हणाले.
शेंदरीनं पंख पसरला. आबांना पंखाखाली घेतलं. दोघं कितीतरी वेळ तशीच राहिली.
"आता निघते," शेंदरी म्हणाली.
"नीट जा," आबा म्हणाले.

फड फड फड. शेंदरी उडाली.
मोठी दिसली. लहान दिसली. ठिपका झाली.
मग ठिपकाही दिसेना.

आबा वर बघतच राहिले.
"आबा, तुम्ही रडताय?"
"हो गं."
"कुठे दुखतंय?"
आबांनी छातीवर हात ठेवला. "इथे दुखतंय. पण भेट झाली, पिटुकले. तुझ्यामुळे झाली."
पिटुकलीनं आबांचा हात घट्ट धरला. आबा रडत होते, तोवर ती तिथेच उभी राहिली.

शेंदरी गेली दूरदेशी,
गोष्ट राहिली तुमच्यापाशी.