ऐनाच्या फांदीवरची झोप

पूर्वी वाराणसीत ब्रह्मदत्ताचे राज्य होते, तेव्हा नगरापासून तीन दिवसांच्या वाटेवर ऐनाच्या रानात कोसा रेशीम पिकवणाऱ्यांची एक वस्ती होती. रानपतंगांच्या अळ्या ऐनाचा पाला खाऊन कोष विणत आणि त्या कोषांच्या धाग्यावर वस्ती जगे. बोधिसत्त्व त्या जन्मी याच वस्तीत होता. वय झालेले, ऐनाच्या राईचा जाणता म्हणून तीस वर्षांचा मान, आणि वडिलांनी लावलेली ऐनाची बारा झाडे.

त्याची सून उत्पला ही वाराणसीच्या कुंभाराची लेक. चाकावर तिचा हात चाले, रानात चालेना. तिने गोफण फिरवली की दगड मागे जाई, म्हणून वस्तीतली पोरे तिच्या मागे उभी राहत नसत. मांडीवर चार महिन्यांचे मूल. ते रडले की तिचा जीव खाली-वर होई, आणि रडले नाही तर जास्तच.

एकदा नवरा नगरात कोष विकायला गेला होता आणि बोधिसत्त्वाला अंड्यांसाठी राखायचे बियाण्याचे पतंग पाहायला नदीपलीकडे जावे लागले. राखणीला उत्पला एकटी उरली. जाताना त्याने तिला सगळे सांगितले. कावळे आले तर काय करायचे, मुंग्या चढू लागल्या तर बुंध्याशी राख कशी टाकायची.

त्या दिवशी सकाळपासून मूल पीत नव्हते. उत्पलाने तीनदा पदराखाली घेतले, तीनदा त्याने तोंड फिरवले आणि शेवटी ते झोळीत झोपून गेले. मग तिची नजर वर गेली. कालपर्यंत करकर पाला खाणाऱ्या अळ्या आज डोके उचलून गप्प बसल्या होत्या. पान तोंडाशी होते आणि एकही खात नव्हती.

म्हणजे याही उपाशी, असे तिला वाटले. इथेही आपलेच काहीतरी चुकले. पाला जून झाला असणार. तिने टोपली घेतली आणि एकेक अळी ओढून काढू लागली. त्या फांदीला घट्ट धरून होत्या. अशक्तपणाने आखडल्या असतील, म्हणून तिने जरा जोर लावला आणि शेजारच्या झाडाच्या कोवळ्या पाल्यावर त्या नेऊन ठेवल्या. अळ्या असलेल्या आठ फांद्यांपैकी दुपारपर्यंत सात झाल्या. आठवीला हात घातला, तोच मूल किंचाळून उठले आणि ती टोपली टाकून धावली.

परत आली तेव्हा कोवळ्या पाल्याखाली अळ्यांचा सडा पडला होता. एकही हलत नव्हती.

अळ्या उपाशी नव्हत्या, निजल्या होत्या. कात टाकण्याआधी अळी दिवसभर खात नाही. रेशमाने पाय फांदीला बांधून घेते आणि निजते. तेव्हा तिला ओढले की आतली नवी कातडी फाटते. हे वस्तीतल्या पोराला दात येण्याआधी ठाऊक असते. आणि निजलेली अळी मारणाऱ्या घराची झाडे वस्तीने वाटून घ्यायची, हा तिथला नियमही.

संध्याकाळी बोधिसत्त्व परतला तेव्हा माणसे झाडाखाली जमली होती. वस्तीचा मुख्य कुंडल त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "शहरची सून केलीत बाबा, आता भोगा." मग आवाज खाली आणून त्याने तोडही सुचवली. "कावळे पडले म्हणा. कुणी काही पाहिलं नाही. झाडं तुमचीच राहतील. हिला मात्र उद्या माहेरी धाडा, मूल ठेवून. शेळीचं दूध आहे. असला हात राईत नको."

उत्पलाने ते ऐकले आणि मूल छातीशी दाबले. तरी मनात आलेच, की कुंडलचे काही खोटे नाही. शेळीला निदान पाजायचे कसे ते कळते.

बोधिसत्त्वाने एक मेलेली अळी उचलून तळहातावर घेतली. मग सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "कावळ्यांवर आळ नको. अळ्या हिच्या हातून गेल्या, पण चूक माझी. गोफण शिकवली, राख शिकवली. अळी निजते, हे सांगितलं नाही. एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक असतं, असं मला वाटलं. न शिकवणाऱ्याची झाडं घ्या. सून घरात राहील."

"बाराही?" कुंडलने विचारले.

"बाराही. फक्त ती वाचलेली आठवी फांदी कात टाकेपर्यंत आमच्याकडे असू दे."

कुंडल माणसांना घेऊन वस्तीकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सासरा-सून त्या फांदीखाली जाऊन बसले. काल बाळ पीत नव्हते, तेही उत्पलाने सांगितले. तिचे हात राहून राहून वर जात.

"हात ओटीत ठेव, सूनबाई. तिला कातडं लहान झालंय, म्हणून ती खात नाही. बाळ प्यायलं नाही, कारण त्याचं पोट भरलेलं होतं."

"आणि मामंजी, खरंच उपाशी असलं तर?"

"तर ते रडेल. ते तुझ्याहून हुशार आहे."

ती हसली, कितीतरी दिवसांनी. ऊन झाडावर आले, तशी एक अळी हलली. पाठीवरची कात उकलली आणि आतून ओल्या पानासारखी हिरवी, नवी अळी बाहेर आली. पाठोपाठ दुसरी. थोड्या वेळाने साऱ्या फांदीवर पाला खाण्याचा करकर आवाज सुरू झाला. उत्पलाने वाकून सासऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. मग ती तो करकर आवाज ऐकत राहिली.

पुढे उत्पला स्वतः म्हातारी झाली. वस्तीत नवी सून आली की ती तिच्या हाती गोफण देण्याआधी तिला निजलेल्या अळ्यांखाली दिवसभर बसवी, हात ओटीत ठेवून. ती तिथली रीतच पडली.

कितीतरी जन्मांनंतर श्रावस्तीच्या विहारात बुद्धांचा उपदेश चालू असताना एका तरुण आईचे मूल रडू लागले. एका भिक्खूने कपाळाला आठ्या घातल्या आणि ती ओशाळून उठली. तिला थांबवून शास्त्यांनी ही कथा सांगितली आणि म्हणाले, "तेव्हाचा कुंडल म्हणजे हा आठ्या घातलेला भिक्खू. उत्पला म्हणजे ही उपासिका. राईचा जाणता तो मीच होतो. आणि मूलही तेच आहे. एक फांदी वाचली ती त्याच्या रडण्यामुळे. बस, बाई, रडू दे त्याला."

दुसऱ्याच्या चुकीत आपला वाटा ओळखावा आणि त्याचा भार कुरकुर न करता सोसावा, हीही क्षांतीच, म्हणजे सहनशीलता.