सुमार अकरा निबंध

आमच्या औषध संशोधन संस्थेतल्या प्रत्येक शोधनिबंधावर शेवटी संचालक डॉ. खरशीकरांचे नाव घालण्याची रीत होती, मग त्यांनी तो वाचलेला नसला तरी. असे त्यांचे चारशे निबंध झाले होते.

डॉ. वृंदा तामणे कायम नेमणुकीसाठी समितीपुढे आल्या, तेव्हा ते म्हणाले, "बाई, जेमतेम अकरा निबंध, तेही सुमार. कोणी त्यांचा दाखलासुद्धा देत नाही." मी समितीत होतो. संताप आला, पण माझंच काही चुकत असेल, असे वाटून समोरची फाइल चाळू लागलो.

तामणे म्हणाल्या, "सर, तसं लेखी द्या. मग तुमच्या यादीतूनही ते अकरा वगळावे लागतील. प्रत्येकावर शेवटचं नाव तुमचंच आहे."

संचालकांनी ते निबंध तेव्हा प्रथमच उघडले. "तसे बरे आहेत," असे पुटपुटत त्यांनी नेमणुकीवर सही केली.