महाराजांच्या गलमिशा आणि कोकणची हद्द

"कुठंतरी? कुठंतरी म्हणजे कुठं?" धुंडिराज महाराज पालखीतून असे गरजले, की भोयांचे खांदे हलले आणि महाराजांच्या कानापर्यंत गेलेल्या झुपकेदार गलमिशाही हलल्या!

बिचारा धाकू वाटाड्या! जन्मभर लोकांना घाट चढवायचा-उतरवायचा, दुसरं काही ठाऊक नाही. महाराजांनी विचारलं, "घाटमाथा कुठं संपतो आणि कोकण कुठं सुरू होतं?" तर हा हात हलवून म्हणाला, "हे काय, इथंच कुठंतरी!" झालं! महाराजांचं टाळकंच सरकलं.

"माझ्या राज्यात कुठंतरी नावाचं गाव नाही! दिवस मावळायच्या आत चुन्याची रेघ ओढ. वरचा म्हणेल मी घाटावरचा, खालचा म्हणेल मी कोकणातला. एकानं जरी नाही म्हटलं, तर हा घाट सोडून चालता हो!"

धाकूनं कपाळावर हात मारून घेतला. पण त्याची लेक तानी चुन्याची परडी कमरेवर घेऊन पुढं झाली.

"चला महाराज, विचारत विचारत उतरू!"

निघाली वरात! पहिल्याच वळणावर बायजा म्हातारी अंगणात नाचणी वाळवत बसली होती. "आजी, हे कोकण का गं?" तानीनं विचारलं.

"कोकण? इश्श! ते तिकडं खाली, माडांत. आम्ही भाकरी खाणारी घाटावरची माणसं!"

"चला खाली!" महाराज ओरडले. खाली, आणखी खाली! भोयांना धाप लागली, महाराजांना घाम फुटला, पगडी मांडीवर आली, मग अंगरख्याचे बंदही सुटले. एकदाचे माड दिसले. एका माडाच्या शेंड्यावर केरू नारळ पाडत होता.

"कोकण आलं का रे?" महाराजांनी खालूनच हाक मारली.

"आलं? अहो, केव्हाच लागलं! बायजाबाईचं अंगणसुद्धा कोकणातच. तिच्या ओढ्याचं पाणी आमच्याच खाडीला येतं ना!"

"ती तर नाही म्हणते!"

"तिला काय कळतंय!" म्हणत केरूनं धप्पकन नारळ टाकला. पालखी टुणकन बाजूला उडाली!

महाराज लालबुंद! "पोरी, खोटं कोण बोलतंय?"

"कुणीच नाही, महाराज. आजी ताटात बघून सांगते, केरूकाका पाणी कुणीकडं वाहतं ते बघून सांगतो."

"मला ते काही सांगू नकोस! सूर्य बुडायला आलाय. रेघ कुठाय?"

धाकूनं डोळे मिटून घेतले. तानीनं मात्र चुन्याची परडी महाराजांपुढं धरली.

"आत्ता ओढते! फक्त रेघ कशी ओढायची ते एकदा आपण दाखवा. या गलमिशांत मिशी कुठं संपते आणि कल्ले कुठं सुरू होतात, तिथं बोटानं चुना लावा."

"हात्तिच्या! एवढंच?" महाराजांनी आरसा मागवला, चुन्यात बोट बुडवलं आणि ओठाजवळ ठिपका दिला.

"महाराज, त्याच्या पुढंही मिशीच दिसते," पुढचा भोई पुटपुटला.

महाराजांनी कानाजवळ ठिपका दिला.

"हे तर कल्ले!" मागचा भोई.

"गप्प बसा!" मग इथं ठिपका, तिथं ठिपका, इकडं रेघ, तिकडं रेघ! बघता बघता अर्धा गाल पांढराफटक झाला. माडावर केरूला हसू आवरेना, तो कसाबसा बुंध्याला चिकटून राहिला. शेवटी महाराजांनी वैतागून आरसाच फेकला.

"असेल इथंच कुठंतरी!"

तानी हात जोडून म्हणाली, "महाराज, माझ्या बानंही हेच सांगितलं होतं."

महाराजांनी डोळे वटारले. मग चुनाभरल्या गलमिशा थरथरल्या, आणि ते असे खो खो हसत सुटले, की भोयांना पालखी खाली ठेवावी लागली!

"धाकू, घाट तुझाच! आणि पोरी, तुला या घाटात जमीन इनाम दिली!"

"कुठं, महाराज?"

"अगं, बघू की... कुठंतरी!"

"छे छे!" तानीनं चुन्याची परडी झटकन उचलली. "इनामाची हद्द आत्ताच दाखवा. रेघ मी ओढते!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले, पालखीतून उतरले आणि तिच्यापुढं चालत स्वतः हद्द दाखवू लागले.