द्वारकाबाई हयात आहेत

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध निबंधक होते. नगरपरिषदेच्या कचेरीत जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवणे हे त्यांचे काम. गावात कोण आले आणि कोण गेले, हे त्यांच्या सहीशिवाय शासनाच्या दृष्टीने घडलेलेच नसे. लोक त्यांना नाना म्हणत. निवृत्तीला दोन महिने उरले होते. आपल्या पश्चात हे काम नीट चालावे म्हणून शलाका नावाच्या एका तरुण कारकून मुलीला ते हाताशी घेऊन शिकवीत होते.

शलाका चौथ्या खेपेस परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरीत लागली होती. अक्षर सुरेख, कामात तत्पर. नोकरी कायम होण्यास थोडे दिवस राहिले होते, आणि तिच्या घरी सगळ्यांचे डोळे त्या दिवसाकडे लागलेले होते.

एके सोमवारी सकाळी साठीच्या घरातील एक बाई कचेरीत आली. केसांवर आणि पदरावर पिठाची पांढरी झाक होती. हातातला कागद नानांच्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "साहेब, मी मेले कधी, तेवढं सांगा."

ही द्वारकाबाई म्हेत्रे. तेली गल्लीत स्वतःच्या घराच्या पुढल्या खोलीत ती पिठाची गिरणी चालवीत असे. पती विठोबा कधीच निवर्तले होते, मूलबाळ नव्हते. घर आणि गिरणी दोन्ही तिच्याच नावावर होती. अडीच महिने बहिणीकडे राहून ती परतली, तेव्हा दाराला हा कागद चिकटवलेला होता. भूमापन कार्यालयाची ती नोटीस होती. मयत द्वारका विठोबा म्हेत्रे यांच्या घरास वारस म्हणून पुतण्याचे नाव लावावयाचे असून, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी, असे तीत लिहिले होते.

"गिरणीच्या परवान्याची मुदत संपत आली म्हणून तिकडे गेले," ती सांगू लागली, "तर तिथला माणूस म्हणतो, वारसाला घेऊन या. मी म्हटलं, अहो, मीच आलेय की! तर म्हणे, आमच्या कागदावर तुम्ही मयत आहात."

नानांनी नोंदवही काढली. वर्षभराची पाने सुटी ठेवून वर्षअखेर त्यांची बांधणी करण्याची त्या कचेरीची रीत होती. दोन महिन्यांपूर्वीचे पान सापडले. द्वारका विठोबा म्हेत्रे, तेली गल्ली, मृत. सोबत जोडलेल्या रुग्णालयाच्या अहवालात मात्र नाव होते द्वारका विठ्ठल म्हेत्रे. त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या त्र्याऐंशी वर्षांच्या या आजीबाई रुग्णालयात वारल्या होत्या. अहवालावरून पान उतरवताना 'विठ्ठल'चे 'विठोबा' झाले होते, आणि घराचा क्रमांक गिरणीचा पडला होता. वय तेवढे बरोबर उतरले होते, पण वयाकडे कोण पाहतो? दाखला टपालाने गिरणीच्या पत्त्यावर गेला आणि बंद घराची किल्ली सांभाळणाऱ्या पुतण्याच्या हाती पडला. काकू जिवंत आहे हे ठाऊक असूनही त्याने तो भूमापन कार्यालयात सादर केला होता.

पानावरचे अक्षर शलाकाचे होते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. द्वारकाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले.

"तू गं? बाजरी दळायला येतेस ना तू माझ्याकडे?"

शलाकाने नुसती मान हलवली. गिरणीवर जाऊन जाऊन ते नाव हाताच्या सवयीचे झाले होते, आणि त्या दिवशी डोळ्यांनी वाचण्याआधी हाताने लिहून टाकले होते.

द्वारकाबाई गेल्यावर मुख्य लिपिक शलाकाजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पान सुटंच आहे. दुसरं लिहून लाव. बांधणी झाल्यावर कुणाच्या बापाला कळणार नाही. नोकरी कायम व्हायची आहे ना?"

त्या संध्याकाळी शलाकाने कोरा नमुना घरी नेला आणि संपूर्ण पान नव्याने लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते नानांपुढे ठेवले. नानांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"अक्षर फार सुंदर आहे तुझं," ते म्हणाले, आणि त्यांनी ते पान फाडून त्याचे चार तुकडे केले.

मग त्यांनी जुने पान समोर घेतले. त्यावरील एकाही अक्षराला त्यांनी हात लावला नाही. केवळ समासात बारीक अक्षरांत लिहिले: 'ही नोंद चुकीची असून रद्द करण्यात येत आहे. द्वारका विठोबा म्हेत्रे हयात आहेत. रुग्णालयाच्या अहवालावरून नाव उतरवताना नोंदणी कारकुनाकडून चूक झाली. अहवाल ताडून न पाहता निबंधकाने सही केली.' त्याखाली त्यांनी स्वतःची सही केली, तारीख घातली, आणि विठ्ठल म्हेत्र्यांच्या द्वारकाबाईंची खरी नोंद नव्या क्रमांकावर घेतली.

मुख्य लिपिकांना राहवले नाही. "नाना, निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध लिहिताय?"

"समासात जागा होती," नाना म्हणाले.

आठ दिवसांत दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. शलाकाची नोकरी कायम होणे सहा महिन्यांनी लांबले. ती नानांशी कामापुरते बोलू लागली. ज्याने हाताला धरून शिकवले, त्यानेच आपल्याला सांभाळून घेऊ नये, हे तिच्या मनाला फार लागले होते.

पुढे द्वारकाबाईंच्या हरकतीवर भूमापन कार्यालयात सुनावणी निघाली. नाना शलाकाला म्हणाले, "ते पान तू घेऊन चल. विचारतील ते तूच सांग."

पुतण्या आधीच येऊन बसला होता. त्याने दाखला पुढे केला. क्रमांक, तारीख, गोल शिक्का, सगळे जागच्या जागी होते. अधिकाऱ्यांनी द्वारकाबाईंकडे बोट दाखवून विचारले, "बाई तर इथं उभ्या आहेत?"

"ती माझी काकू नाही, साहेब," पुतण्या शांतपणे म्हणाला. "काकूची बहीण आहे. दोघींची तोंडं सारखीच. काकू वारली, त्याचाच हा दाखला."

ज्याला लहानपणी कडेवर घेऊन जत्रा दाखवली, त्याच्याकडे द्वारकाबाई पाहत राहिल्या.

अधिकारी शलाकाकडे वळले. "हा दाखला खरा आहे का?"

शलाका उभी राहिली. "दाखला खरा आहे, साहेब. आमच्याच कचेरीतून गेलाय. पण त्यातली नोंद चुकीची आहे, आणि ती चूक माझी आहे."

तिने पान काढून समोर ठेवले. अधिकाऱ्यांनी दाखल्याचा क्रमांक पानावरील क्रमांकाशी ताडून पाहिला. पान उजेडात धरून कोठे खाडाखोड आहे का, ते तपासले. कोठेच नव्हती. मग त्यांनी समासातील मजकूर दोनदा वाचला, रुग्णालयाचा अहवाल वाचला, आणि पुतण्याला विचारले, "तुमची काकू त्र्याऐंशी वर्षांची होती?"

पुतण्याचा अर्ज तेथेच नामंजूर झाला. द्वारकाबाई भिंतीजवळच्या बाकावर बसल्या आणि इतका वेळ आवरून धरलेले रडू त्यांनी मोकळे केले.

परतताना शलाका म्हणाली, "नाना, तुम्ही पान फाडलंत तेव्हा मला तुमचा फार राग आला होता."

"ते दिसत होतं," नाना म्हणाले. "पण असं बघ. त्याच क्रमांकाचा दाखला पुतण्याच्या खिशात होता. आपण पान बदललं असतं, तर आज साहेबांपुढं एक खरा दाखला आणि एक करकरीत नवं पान आलं असतं, आणि दोन्ही जुळली नसती. तो म्हणाला असता, बाईसाठी कचेरीनं पान बदललं. आणि ते खरंच असतं. मग द्वारकाबाई जिवंत आहेत, हे आपण कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आपल्या कपाटात साठ वर्षांची पानं आहेत. त्यांच्या भरवशावर कुणाचं घर उभं आहे, कुणाचं दुकान, कुणाचं लग्न. एक पान गुपचूप बदलता येतं हे कळलं, की त्या सगळ्यांचाच भरवसा गेला. माणसं लिहितात तिथं चूक होणारच. ती जिथं झाली तिथंच लोकांना सापडली पाहिजे, तिच्या दुरुस्तीसकट."

थोडे पुढे गेल्यावर शलाकाने विचारले, "आणि तुमचं स्वतःचं कशाला लिहिलंत? तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

"मी सही करताना वाचलं नव्हतं. ते गाळलं असतं तर दुरुस्तीही अर्धीच खरी झाली असती."

छातीशी धरलेले पान शलाकाने अधिक जपून धरले.

दुसऱ्या दिवशी एक तरुण आपल्या मुलीचा जन्म नोंदवायला आला. मागे रांग लांबली होती. शलाकाने सर्व मजकूर उतरवला, अहवालाशी ताडून पाहिला, आणि पान फिरवून त्याच्यापुढे ठेवले.

"वाचून बघा."

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, मॅडम."

"तरी वाचा," ती म्हणाली. "मी थांबते."

तो तरुण वाकला आणि आपल्या मुलीच्या नावाखाली बोट धरून एकेक अक्षर वाचू लागला.