उदोबाचा तिरळा डोळा

त्या राज्यात आयुष्ये आखूड होती. आजा सशाने डोळ्यांनी पाहिलेले नातवाला सांगायचे राहूनच जाई. म्हणून लक्षात ठेवण्याचे काम साऱ्यांनी एका लाकडी मूर्तीवर सोपवले होते आणि स्वतः निर्धास्त झाले होते.

मूर्ती उदोबा मांत्रिकाची. उदोबा म्हणजे नदीकाठचे एक पाणमांजर. फार पूर्वी रान पेटले तेव्हा सगळे पळाले. तो मात्र वणव्यासमोर उभा राहिला, ओठ हलवत राहिला. वारा फिरला, रान वाचले. सुतारपक्ष्याने लगोलग त्याची मूर्ती कोरली: किडकिडीत, पुढचा दात पडलेला, डावा डोळा तिरळा. शेजारी त्याची मैत्रीण ठकू कासवी, कारण तीही पळाली नव्हती. कासव पळून पळून किती पळणार, असे टवाळ म्हणत. पण नदी अगदी जवळ होती, आणि ठकू नदीत गेली नव्हती.

दरवर्षी वणव्याच्या त्या दिवशी मूर्तीला शेंदराचा लेप द्यायची रीत पडली. लेप ओला असताना जो तो आपल्या मनासारखा हात फिरवी. एवढा मोठा मांत्रिक आणि तिरळा? बरे दिसत नाही, म्हणून शिंपल्यांचे दोन सरळ डोळे बसले. लांडग्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा भेदरलेल्या हरणांनी त्याला सुळे लावले. पुढे लांडगे गेले आणि पाडसे त्या सुळ्यांना पाहून रडू लागली, तेव्हा वरून झुपकेदार मिशा चढवून ते झाकण्यात आले. लेपावर लेप चढून मूर्ती इतकी फुगली, की तिचा पाय शेजारच्या कासवीच्या पाठीवर आला. आता पाय आहे म्हटल्यावर त्याला कथाही हवीच. ती कोणीतरी रचली.

ठकू अजून जिवंत होती. कासवांना मरणाची घाई नसते. दिवस मावळताना ती डोळे मिटून उदाला आठवी. ती त्याला उदाच म्हणे. पण अलीकडे त्याचा चेहरा पुसट होऊ लागला होता. पडलेला दात वरचा की खालचा, हे एकदा तिला काही केल्या आठवेना. ती घाबरली. तिच्यानंतर तो चेहरा कोणाकडेच नव्हता. मूर्ती पाहून आठवेल, या आशेने ती निघाली.

रांगेतून ती पुढे पोहोचली आणि बघतच राहिली.

“हा उदा नव्हे,” ती पुजारी वानराला म्हणाली. “त्याचा डोळा तिरळा होता रे. आणि त्या दिवशी तो मंत्रच विसरला होता. मला म्हणाला, ठकू, तू बोलत राहा, म्हणजे माझे पाय कापायचे थांबतील.”

“आजी, देवाला नावं ठेवू नयेत,” वानर समजुतीने म्हणाला. “दर्शन घ्या आणि पुढं सरका.”

“आणि पायाखाली कोण?”

“ती होय? वणवा लावणारी राक्षसीण. उदोबानं तिला तिथल्या तिथं चिरडली.”

एक पाडस पुढे आले, त्याने त्या शेंदरी उंचवट्याला रीतीप्रमाणे लाथ मारली आणि ते हात जोडून उभे राहिले. ठकूला फार फार वाईट वाटले. ती मीच, असे तिच्या ओठांवर आले. पण मागून ढकलाढकली सुरू झाली होती, आणि रांग कोणासाठी थांबत नाही.

ती नदीवर परतली. दिवस मावळला तसे तिने डोळे मिटले आणि उदाला हाक मारली. आला तो झुपकेदार मिशांचा, शिंपल्याच्या डोळ्यांचा. हा नव्हे, ती म्हणाली, आणि पुन्हा हाक मारली. पुन्हा तोच आला. तिने खूप विनवले, रान आठवले, धूर आठवला, ते कापणारे पाय आठवले.

तो जवळ आला. त्याने पाय उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला. ठकूने मान आत ओढून घेतली.