बाहेरून कडी नसलेली दारं

खोलीला कुलूप लावायला कडी शोधताय ना? शोधून दमाल. साळवंडीत एकाही दाराला बाहेरून कडी नाही, आहे ती फक्त आतून. शहरातले पाहुणे आले की पहिली कुरकुर हीच. बसा, सांगते.

समोर गडावर ती काळी पडलेली भिंत दिसते ना, ते जुन्या धान्यकोठाराचं उरलंसुरलं. फार पूर्वी गडाला वेढा पडला होता, असं सांगतात. धान्य संपत आलं तेव्हा मुधोजी किल्लेदाराने गडावरच्या सगळ्या बायका-मुली त्या रिकाम्या कोठारात बसवल्या, भोवती गवत रचलं आणि बाहेरून कडी घातली. गड पडला तर शिंग वाजेल, ते ऐकताच पेटवायचं. अब्रू शत्रूच्या हाती लागायला नको, एवढंच त्याचं म्हणणं. बायकांना कुणी विचारलं नाही. दारापाशी त्याने आपल्या मुलाला, खंडोजीला उभं केलं. खंडोजीची बायको गोजरा आतच होती.

आत काळोख आणि वाळल्या गवताचा वास. सासूने गोजराला गप्प बसायला सांगितलं. तरी गोजरा दाराला तोंड लावून नवऱ्याला म्हणाली, "अब्रू माझी, मग कडी तुमच्या हातात का?"

"आबांचा हुकूम आहे," तो म्हणाला.

मग ती दारापासून मागे वळली. कोठारात जातं होतं. त्याची वरची तळी उचलून बायका मागची भिंत ठोकू लागल्या. एक दगड निघाला, पण लहान पोरी जेमतेम सरकतील एवढीच वाट झाली. तेवढ्यात शिंग वाजलं. खंडोजीने पेटवलं. गोजरा शेवटपर्यंत पोरींना बाहेर ढकलत होती म्हणे.

शिंग मदतीला आलेल्या फौजेचं होतं. गड वाचला. कशाला वाचला कोण जाणे.

त्या पोरी इथे खाली साळवंडीत मोठ्या झाल्या आणि अडून बसल्या. ज्या दाराला बाहेरून कडी, त्या घरात नांदणार नाही म्हणाल्या. घरच्यांनी समजावलं, उपाशी ठेवलं, मारलंही. त्या बधल्या नाहीत. शेवटी म्हातारा खंडोजीच घरोघर जाऊन कड्या उपटू लागला. त्याला कुणी माफ केलं नाही, कड्या मात्र काढू दिल्या.

चौकटीत राहिलेली भोकं आम्ही बुजवली नाहीत. नवं घर बांधलं तरी सुतार तसं भोक पाडूनच देतो. आजही नवी नवरी माप ओलांडण्याआधी त्यात बोट घालून बघते. वऱ्हाड ताटकळतं, पण घाई कुणी करत नाही. भोक रिकामं लागलं, तरच ती आत पाऊल टाकते.